बंपरवरचं बेडलायनर पुन्हा पुन्हा सुटतंय? आधी खपलीची पाठ बघा

तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा चिडायचाही कंटाळा आला होता. निघालेली खपली तशीच खिशात टाकली. तळहाताएवढी, काळी, वरून खरखरीत. तोडायला गेलो तर तुटेना, नुसती वाकायची. एवढा चिवट माल, आणि बंपरवरून मात्र केळ्याच्या सालीसारखा सोलून आला. घरी येऊन पडवीतलं रिकाम्या डब्यांचं पोतं उपसलं, त्यात आधीच्या दोन वेळच्या खपल्याही निघाल्या. तिन्ही ट्यूबलाइटखाली उलट्या मांडल्या. तिन्हींच्या पाठी तीन तऱ्हेच्या. तक्रार एकच, ‘कोटिंग सुटतंय’, पण दुखणी तीन वेगळी होती. आणि मी दर वेळी एकच औषध करत होतो: आणखी एक डबा.

बेडलायनर हे मूळचं पिकअपच्या हौद्यासाठी. सामान ओढून ओढून हौद्याचा रंग जातो, पत्रा गंजतो, म्हणून त्यावर रबरासारखा जाड थर मारायची पद्धत अमेरिकेत पडली. लाइन-एक्स, ऱ्हायनो लायनिंग्ज ही त्यातली जुनी नावं. त्यांच्या दुकानात मारतात तो प्रकार निराळा: दोन द्रव गरम करून मोठ्या दाबानं गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत थर आवळतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये किंवा घरी मारतात तो बहुतेक बाटलीतला टूके पीयू, म्हणजे माल आणि हार्डनर असा दोन भागांत येणारा पॉलियुरेथेन, यू-पोलच्या रॅप्टरसारखा. ७५० मिलिलिटर मालात २५० मिलिलिटर हार्डनर ओतायचा, हलवायचा, बाटली तशीच शुट्झ गनला (जाड माल फवारायच्या गनला) लावायची. मी बोलतोय ते या प्रकाराबद्दल.

साधा रंग धरला नाही तर टिकलीएवढा उडतो, कारण थर पातळ आणि कडक. जिथे सुटला तिथेच तुटतो. बेडलायनरचे दोन हात मारले की जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाते आणि तो तुटत नाही. एक कोपरा उचलला गेला की तो शेजारच्याला ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. वॉशिंग सेंटरवाल्याच्या पाण्याचा झोत त्या कोपऱ्यात शिरला की उरलेलं काम पाच मिनिटांचं. मालाची ताकद मालातल्या मालात असते. बंपरला धरून ठेवायचं काम त्याच्या खालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थराचं.

आता माझी पहिली खपली. तिची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत होती, बंपरच्या दाण्यांचा ठसा साच्यातून काढल्यासारखा उमटलेला. अशी पाठ दिसली तर समजा की कोटिंग प्लास्टिकला कधी चिकटलंच नव्हतं, फक्त त्यावर बसलं होतं.

बंपर आतून बघा, कुठेतरी दोन कोनी कंसांत प्लास्टिकची जात लिहिलेली असते. माझ्यावर ‘पीपी + ईपीडीएम - टी२०’ होतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात थोडं रबर, आणि २० टक्के टाल्क. पॉलिप्रॉपिलीन हे रंगाच्या दृष्टीनं महाखडूस प्लास्टिक. त्याला काहीच धरत नाही, म्हणूनच त्याचे डबे लोणच्याला बरे पडतात. एबीएस नावाचं दुसरं प्लास्टिक असेल तर काम बरंच सोपं. पाण्यात तरंगलं तर पीपी, बुडलं तर एबीएस अशी एक युक्ती सांगतात, पण ती बंपरला चालत नाही: साधं पीपी तरंगतं खरं, टाल्क घातलेलं मात्र एबीएससारखंच बुडतं. त्यामुळे तुकडा कापून बादलीत टाकू नका, आतली अक्षरं वाचा.

पीपीवर (पॉलिप्रॉपिलीनवर) वरचा थर धरावा म्हणून आधी अ‍ॅडहीजन प्रमोटर नावाचा पातळ पारदर्शक द्रव लागतो. दुकानात ‘प्लास्टिक प्रायमर’ मागितला तर कधी तोच मिळतो, कधी रंगाखाली मारायचा नुसता राखाडी सरफेसर हातात येतो. डब्यावर पीपी किंवा टीपीओ (पीपी आणि रबराचं मिश्रण) लिहिलंय का ते बघून घ्या. पहिल्या वेळी आमच्या मेस्त्रींनी तो मारलाच नव्हता. विचारलं तर म्हणाले, “साहेब, हा माल डांबरासारखा आहे, याला खाली काय लागतंय?” मलाही ते पटलं होतं, त्यामुळे दोष त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकत नाही.

पण खरा घोळ त्याच्याही आधीचा, आणि तो माझ्याच अंगणातला. काळा बंपर उन्हानं पांढुरका पडला की त्यावर डिझेलचा बोळा फिरवायचा, ही आमच्याकडची जुनी सवय. गाडी दोन दिवस नव्यासारखी दिसते. ते डिझेल प्लास्टिकच्या दाण्यांत मुरतं. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश यांतलं सिलिकॉन त्याहून वाईट. त्याच्यावर ओला थर मारला की जागोजागी गोल खळगे पडतात, जसा तव्यावर तेलाच्या ठिपक्याभोवती पाणी सरकतं तसा माल बाजूला सरकतो. यावर लोक काय करतात, तर आधी सँडपेपर मारतात आणि मग पुसतात. उलटं झालं. पेपर मारताना वरचं तेल नव्या ओरखड्यांत घासून भरलं जातं. आधी साबण-पाणी, मग ग्रीस रिमूव्हर, मग घासणं, मग पुन्हा ग्रीस रिमूव्हर. पुसताना दोन फडकी: एक ओलं, लगेच मागून दुसरं कोरडं. एकाच फडक्यानं पुसलं तर तेल इकडचं तिकडे होतं. एनसी थिनरनं पुसायचा मोह टाळा.

डिझेल मुरलेल्या बंपरला मी शेवटी तीन दिवस उन्हात ठेवला. दुपारी तापला की हात फिरवल्यावर बोटांना ओशट लागायचं, ते पुसून काढायचं, पुन्हा ठेवायचा. तिसऱ्या दिवशी फडकं कोरडं निघालं.

घासायला काय घ्यायचं हेही महत्त्वाचं. बंपरला चामड्यासारखे दाणे असतात. पेपर मारला तर तो दाण्यांच्या माथ्यावरून जातो, खाचा तशाच राहतात. आणि ८० नंबरचा जाड पेपर घेतलात तर पीपीला केस फुटतात, ते बसवता बसत नाहीत. स्कॉच-ब्राइट घ्या, ते खाचेत शिरतं. सगळा बंपर सारखा मंद, निस्तेज दिसेपर्यंत घासा. कुठेही चमक उरली तर तिथून सोलायला सुरुवात होणार. पाणी ओतून बघायची परीक्षा पत्र्यावर आणि जुन्या रंगावर चांगली चालते, पाणी सलग पसरलं की जागा साफ. नुसत्या पीपीवर साफ असूनही पाणी जरा आखडतंच. तिथे पाणी सगळीकडे सारखं वागतंय का एवढंच बघा. एका ठिकाणी पळून जात असेल तर तिथे तेल आहे.

दुसरी खपली. ही मी स्वतः मारलेली, प्रमोटर आणून, छाती फुगवून. हिच्या पाठीवर पातळ, किंचित चिकट अशी काचेसारखी साय होती, आणि बंपरवरही तशीच साय राहिलेली. म्हणजे सांधा कोटिंगशी सुटला नाही, प्लास्टिकशीही सुटला नाही. मधला प्रमोटरच मधोमध फाटला. कारण मी तो रंगासारखा मारला होता, दोन भरघोस हात, ओघळ येईपर्यंत. वर आणखी शहाणपण म्हणजे रात्रभर ‘नीट वाळू दिला’. प्रमोटर हा धुक्यासारखा मारायचा असतो; जाड झाला की तोच कच्चा दुवा होतो. त्यावर पेपर मारायचा नाही आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत पुढचा हात मारायचा. ती वेळ मिनिटांत दिलेली असते, आणि कंपनीगणिक वेगळी, म्हणून इथे आकडा देत नाही.

तिसरी खपली उलटी केली तर तिच्यात टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं. ब्लेडनं आडवी कापली तर आतून जाळीदार, पावाच्या कापासारखी. हे पाण्याचं काम. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचं ज्या घटकाशी जुळायला हवं त्याच्याआधी ते पाण्याशी जुळतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. भाकरी फुगावी तसा थर आतून फुगतो.

पाणी आलं कुठून? दोन वाटांनी. मे संपत आला होता, उन्हाचा त्रास नको म्हणून मी संध्याकाळी सातला काम काढलं. हवा २८ अंश, दमटपणा ९० टक्क्यांच्या घरात. अशा हवेत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसायला लागतं तो, साधारण २६ अंशांवर असतो. रंगकामातला नियम असा की ज्यावर मारायचं तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा. म्हणजे बंपर २९ अंशांच्या वर हवा होता, आणि तो तर सबंध दुपार पडवीच्या सावलीत गारच पडलेला. हाताला कोरडा लागतो, पण असतो ओलसर. मोबाइलमधल्या हवामानात दवबिंदू दिसतो, तो आधी बघायचा. कोकणात जूनपासून नवरात्रापर्यंत हे काम उघड्यावर करूच नये असं माझं मत आहे, कोणी कितीही सांगो.

दुसरी वाट कंप्रेसरची. टाकीच्या बुडाचा नळ उघडला तर अर्धा कप गंजट पाणी आलं. तेच पाणी गनमधून फवारत होतो. टाकी रिकामी करा, गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा, आणि गन नुसती हवेवर एका आरशावर मारून बघा; आरशावर थेंब दिसला तर थांबा.

इथे एक गल्लत होते. वरच्या कातडीखाली मोठे फोड आले आणि फोडल्यावर आत थिनरचा वास आला, तर ते पाणी नव्हे. पहिला हात वाळायच्या आत दुसरा जाड हात मारला म्हणून द्रावक कोंडलं. भर उन्हात तापलेल्या बंपरवर मारलं तरी असंच होतं. दोन हातांमध्ये तासभर सोडायचा.

माझ्याकडे न आलेली दोन-तीन दुखणी लवकर सांगतो. खपलीच्या पाठीवर गाडीचा जुना रंग चिकटून आला असेल तर कोटिंग नीट धरलंय, खालचा रंगच मेलेला होता. तो पूर्ण काढल्याशिवाय काही मारू नका. पाठीवर पांढरी-राखाडी भुकटी असेल तर लांबी (पुट्टी) कच्ची राहिली किंवा धूळ पुसली नाही. आणि खपली नखानं दाबली की खड्डा पडतो, आठवड्यानंतरही मऊच, तर मिसळण्यात चूक आहे. अर्धीच बाटली वापरायची म्हणून हार्डनर अंदाजानं ओतला की हे हमखास होतं. प्रमाण ३:१, मापानंच, आणि दोन मिनिटं घड्याळ लावून हलवायचं. बुडाशी बसलेला माल वर यायला तेवढा वेळ लागतोच. मऊ राहिलेल्या थरावर नवा थर मारून उपयोग नाही, तो खरवडावाच लागतो.

पत्र्याचा बंपर असेल तर खेळ वेगळा. माझ्या मावसभावाच्या जिप्सीचा पुढचा बंपर लोखंडी. त्याच्या खपलीच्या पाठीवर वीटकरी भुकटी होती. गंज वायर ब्रशनं काढला होता त्यानं, पण आम्ही समुद्रकाठची माणसं. गंजाच्या खळग्यांत मीठ बसलेलं असतं आणि ते ब्रशनं जात नाही. वरून कितीही जाड थर मारा, मीठ आत ओल ओढून घेतं आणि गंज खालच्या खाली पसरतो. बेडलायनर पाणी बाहेर ठेवतं तसं आत शिरलेलं कोंडूनही ठेवतं. आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुणं, मग सँडब्लास्टिंग जमलं तर उत्तम, नाहीतर ग्राइंडरनं चकचकीत लोखंड लागेपर्यंत, आणि तासाभरात टूके इपॉक्सी प्रायमर. क्रोम असेल तर ते पूर्ण उतरवायचं. क्रोमवर हा माल मारणं म्हणजे ताटावर चिकटपट्टी लावण्यासारखं. (लोखंडी बुल बार बेडलायनरनं रंगवून बसवायचा विचार असेल तर त्याआधी एवढं लक्षात घ्या, की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं कळवलंय.)

लोखंडाचा एक फायदा मात्र आहे. ते तापलं तरी फारसं वाढत नाही. दीड मीटरचा बंपर पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर लोखंड पाऊण मिलिमीटर वाढतं, प्लास्टिक ४ ते ६ मिलिमीटर. रोज ही ओढाताण होते आणि तिचा ताण कडेवर येतो. म्हणून सुटण्याची सुरुवात नेहमी कडेपासून, भोकापासून, फॉग लॅम्पच्या खाचेपासून होते, सपाट मधल्या भागापासून क्वचितच.

त्यामुळे चौथ्या वेळी मी बंपर गाडीवर ठेवून मास्किंग करायचा आळस केला नाही. क्लिपा काढून तो खाली उतरवला, दोन स्टुलांवर ठेवला, आणि कोटिंग कडेवरून वळवून आत दोन बोटं नेलं. जिथे टेप लावावीच लागली तिथे ती दुसरा हात मारल्यावर माल ओला असतानाच काढली. वाळल्यावर टेप ओढली की ती कड उचलून ठेवते, आणि ती उचललेली कड पुढच्या पावसाळ्यात आपल्याला शोधत येते. पार्किंग सेन्सरवर चुकूनही मारू नका. बंपरच्या मागे रडार असलेल्या नव्या गाड्यांना तर एवढा जाड थर नकोच, रडारला त्यातून नीट दिसत नाही.

गनचं दडपण फार घेऊ नका. हवेचा दाब ४० ते ६० पीएसआय, अंतर हातभर. दाब कमी केला की दाणा मोठा, वाढवला की बारीक. मोठ्या दाण्याखाली बंपरवरचे जुने ओरखडे लपतात म्हणून लोकांना मोठा दाणा आवडतो, पण त्यात चिखल बसतो आणि धुताना जीव जातो. मी मधला धरला. पहिला हात पातळ, खालचा बंपर थोडा दिसला तरी चालेल असा. दुसरा भरून. मिसळल्यावर तासाभरात बाटली संपवायची.

मास्कबद्दल कडक बोलतो. धुळीचा कापडी मास्क किंवा रुमाल बांधून हे मारू नका. आयसोसायनेटच्या फवाऱ्यानं दमा जडतो, आणि एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली की पुढे थोड्याशा वासानंही श्वास कोंडतो. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, गॉगल, हातमोजे, उघडी हवा.

जुनं काढायचं कसं, हा प्रश्न उरतोच. रंग काढायचं केमिकल प्लास्टिकवर नको, बंपर खाऊन टाकतं. जे सुटतंय ते प्लास्टिकच्या पटाशीनं सोला, हवं तर हीटगननं जरा कोमट करून; जास्त तापवला तर बंपर वाकडा होतो. जिथपर्यंत सहज सोललं जातं तिथपर्यंत सोलत जा, अर्ध्यावर दया दाखवू नका. जे खरोखर धरून बसलंय ते राहू द्या, त्याची कड १८० नंबरच्या पेपरनं उतरती करा, वर खरडून त्यावर नवा थर बिनधास्त घाला. बेडलायनर बेडलायनरला छान धरतं.

आणि सगळा बंपर रंगवायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला वहीच्या पानाएवढा तुकडा त्याच सगळ्या पायऱ्यांनी मारून बघा. आठवडा थांबा. मग ब्लेडनं प्लास्टिकपर्यंत जाणारी फुली मारा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यानं ओढा. फुलीच्या टोकांशी काही उचललं नाही तर पुढे जा. मी हे आधी केलं असतं तर पोत्यात खपल्या जमल्या नसत्या. आठ दिवस थांबायला जिवावर येतं हे मान्य, पण तसंही पूर्ण आवळायला आठवडा लागतोच, आणि तोवर गाडी वॉशिंग सेंटरला न्यायची नसते.

चौथा थर सध्या एक पावसाळा काढून बसलाय. नंबर प्लेटच्या डाव्या स्क्रूपाशी नखाएवढं उचललंय. ते भोक मी कोटिंग झाल्यावर ड्रिलनं पाडलं होतं, बाकीची आधी पाडली होती, तिथे काही नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढं कापून काढीन. माल अर्धी बाटली शिल्लक आहे. हार्डनर मात्र झाकण सैल राहिल्यामुळे डबीतच गूळ झालाय, तो नवा आणावा लागेल.